नोंदवहीतला रकाना

पहाटे चार दहा. ऑस्विन डॉड यांची खाट रिकामी.
सपाता जागेवर, बूट नाहीत.
आश्रमाच्या नोंदवहीत रकाना आधीच छापलेला: 'वाँडरिंग'.
पुढे फक्त वेळ टाकायची, आणि कुठे सापडले ते.
मी वेळ टाकली.

थेल्मा आली ती कोटाखाली रात्रीच्याच कपड्यांत.
वही स्वतःकडे फिरवून वाचली, म्हणाली, खोडा हा शब्द.
वाँडर करतो तो, ज्याला कुठेच पोचायचं नसतं.
माझा बाप कधी उगाच हिंडला नाही.

मग काय लिहू, बाई?
आमच्याकडे डोंगरात मेंढी कुंपण ओलांडते, तिला स्ट्रे म्हणतात.
चौकीच्या फळ्यावर तिच्या कानाची खूण लिहितात,
मालक येऊन घेऊन जातो.
त्या शब्दात कुंपण आधी येतं, मेंढी मागून.
थेल्मानं दाराच्या कुलपाकडे पाहिलं.
मी तो शब्द गिळला.

रोम म्हणायला माळ हवा, आणि माळ पुरेल इतकं वय.
रोव्ह त्यांच्या खापरपणजोबांचा,
सीमेपलीकडची गुरं रातोरात हाकून आणणाऱ्यांचा;
आता तो नुसता नजरेपुरता उरलाय.
रॅम्बल रविवारच्या लोकांचा.
त्यांच्याकडे नकाशा असतो, थर्मास असतो, परतीची बस असते.
मार्चमध्ये डॉक्टरांनी तोच शब्द त्यांच्या बोलण्याला लावला होता,
तेव्हा मात्र थेल्मा काही बोलली नव्हती.

साडेसहाला मिल लेनवरून फोन. मिसेस हेस्लप.
"काल रात्री तुमच्याकडे गाजराचं सूप होतं का?
नाही, माझ्या दाराच्या फटीतून तुमचं मेन्यूकार्ड आत पडलंय."
मग लोहाराच्या घरून. मग शाळेशेजारून.
सूप, सूप, आणि एका घरी रविवारचं भाजलेलं मटण.

थेल्मा खुर्चीत बसली. छत्तीस वर्षं, म्हणाली,
पायी टपाल. गिरणीनंतर लोहार, लोहारानंतर शाळा,
मग पूल.
आम्ही शोधणं सोडलं आणि सरळ शेवटच्या घरी गेलो.

वाटेत नदी. ती सात वळणं घेते,
तिच्यासाठी मिएंडर असा मऊ शब्द राखून ठेवलाय,
तिला शोधायला रात्री कोणी बाहेर पडत नाही.

शेवटचं घर पाडून सोळा वर्षं झाली.
फाटकाचा एक खांब उरलाय, त्याला टेकून ऑस्विन उभे,
हातात एकच कार्ड, चेहरा वैतागलेला.
"पत्ता चुकलाय," म्हणाले. "माझा नाही. यांचा."

'कुठे सापडले' पुढे मी लिहिलं: शेवटच्या घरी.
वरचा शब्द छापील आहे, तो तसाच.
बूट रेडिएटरवर वाळतायत.
कार्डं सगळी वाटून झाली, त्यामुळे
आज जेवायला काय आहे
हे आश्रमात कोणालाच ठाऊक नाही.