अर्ध्या गुंजेचा आरसा

खोलीत अंधार हवा, एवढीच साहेबांची अट.
बाकी सगळं माझ्याकडे: दिवा, वात, काच,
आणि काजळी पुसायला माझ्याच जुन्या परकराचा तुकडा.

व्हॅलेन्शिया बेटाच्या या टोकाला
तांब्याची तार समुद्रातून वर येते
ओल्या कुत्र्यासारखी,
आणि खिडकीखालून आत शिरते.
तिचं दुसरं टोक न्यूफाउंडलंडला. मी पाहिलेलं नाही.
मी तर समोरच्या किनाऱ्यावरचा बाजारही
वर्षातून दोनदाच पाहते.

तारेतून येतं ते इतकं क्षीण
की जिभेवर ठेवलं तरी चव लागणार नाही,
असं मिस्टर प्रॉसर म्हणतात.
म्हणून हा आरसा, अर्ध्या गुंजेचा,
पाठीला घड्याळाच्या स्प्रिंगचे तुकडे लाखेनं चिकटवलेले,
रेशमाच्या एकाच तंतूला टांगलेला.
वीज त्याला नुसती कुशीवर वळवते,
झोपलेल्या पोराला वळवावं तशी,
आणि माझ्या दिव्याचा कवडसा
समोरच्या पट्टीवर सरकतो.
डावीकडे टिंब. उजवीकडे रेघ.
कापसाचा भाव. कुठल्याशा राजपुत्राचं बारसं.
कुणाची तरी बोट बुडाली.

मला अक्षर येत नाही.
पण चार हिवाळे त्या कवडशाकडे बघून
'मृत्यू' मला कळू लागला,
साहेबांची पेन्सिल कागदाला टेकायच्या आत.
बोलले नाही.
बोलले असते तर दुसरी बाई ठेवली असती.

मग ऑक्टोबरातली ती रात्र.
पलीकडचा माणूस जेवायला गेलेला, तसं कळवून गेलेला.
तार रिकामी.
आणि कवडसा उठला.
पट्टी सोडून भिंतीवर, भिंतीवरून नकाशावर,
तिथून साहेबांच्या कानावर, आणि परत.
त्यांनी स्क्रू पिळले, बॅटरी सोडवली,
शेवटी माझ्याकडे पाहिलं: वात हलली का, गॉबनेट?
वात हलली नव्हती.
मी पोटावर हात धरून उभी होते, सातवा महिना.

काच आणायच्या निमित्तानं बाहेर आले
तर आभाळ लाल,
वाळत घातलेल्या चादरीसारखं फडफडणारं.
कोंबड्यांना वाटलं उजाडलं.
धक्क्यावर म्हातारा मर्टी गुडघे टेकून
संतांना एकेकाच्या नावानं हाका मारत होता.
लाल पदर डावीकडे झुकला,
मी उघड्या दारातून आत पाहिलं,
कवडसाही डावीकडे.
तीनदा जुळलं. चौथ्यांदा चुकलं.

साहेबांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं:
पृथ्वीचे प्रवाह. संदेश नाही.
मी विचारलं, आभाळातला तो उजेड
आणि तारेतली वीज, एकाच घरातली का?
म्हणाले, उजेड वेगळा, वीज वेगळी.
काच धू.

त्या रात्री पोटात होता तो डायर्मिड
पुढे कॉर्कला शिकून आला.
चुलीपुढे बसून सांगू लागला:
आई, उजेड म्हणजे
वीज आणि चुंबक यांचीच लाट.
तू दिवा पुसत होतीस त्याच वर्षांत
कुणीतरी हे कागदावर मांडून ठेवलेलं.
मी त्याच्या हातात बटाटे दिले, सोल म्हटलं.

मग रात्री झोप लागेना.
म्हणजे त्या अंधाऱ्या खोलीत
तारेतून आलेली
दिव्यातल्या आपल्याच बहिणीला
बोटानं सरकवत होती
इकडे, तिकडे,
आणि दोघींच्या मधे मी,
परकराचा तुकडा घेऊन.

तो अजून पेटीत आहे.
रॉकेलचा वास काही जात नाही.