चौकोन आणि गोल

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला सारला,
कोरा कागद घेतला.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल,
गेलेल्यावर तिरकी रेघ.

आजोबा. रेघ.
बाबा, एकेचाळीस, उदगीरच्या अडतीत
तुरीचं पोतं उचलताना. रेघ.
गुरलिंगकाका, जेवून हात धुताना.
गाव म्हणायचं, बिरादारांच्या घरात चाळिशी टिकत नाही.
आई अमावास्येला उंबऱ्यावर लिंबू कापायची.

बाई माझ्या टाचेवरची गाठ चाचपत होत्या.
चपलेचा घट्टा असेल, मी म्हटलं.
‘काकांच्या पापण्यांवर पिवळट डाग होते?’
होते.
आम्ही त्याला काकाचं सोनं म्हणायचो.

‘खाण्यानं नाही, रक्तातूनच आलंय.
गोळी रोज रात्री. कायमची.’
मग पेन खाली उतरलं,
माझ्या चौकोनाखाली एक बारका गोल.
‘वय?’
नऊ. काडी आहे हो नुसती,
तुपाला शिवत नाही.
‘उद्या उपाशीपोटी आणा.’

रात्री ईश्वरीनं कागद उलगडला,
या गोलाला तोंड का नाही म्हणाली,
आणि स्केचपेनानं दोन वेण्या काढल्या.

पहाटेच्या एसटीत
नळेगावच्या आधीच तिला भूक लागली.