डावं कोपर

दगडाच्या माणसाला मी दोऱ्याने मोजलं.
मनगट, पोटरी, गुडघ्याची वाटी.
चर्चची किल्ली समोरच्या खाटकाकडे असते,
वजनकाट्यामागे, खिळ्याला.
"परत आलीस?" म्हणाला, "अजून मेलेलाच आहे तो."

नाव झिजलंय त्याचं. नाकही.
शेजारी बायको होती म्हणतात,
आता तिची फक्त उशी उरली आहे.
पण कमरेच्या बकलाची जीभ शाबूत,
ती कितव्या भोकात अडकली तेही दिसतं: शेवटच्या.
मरताना पोट किती सुटलं होतं
एवढं मला त्याच्याबद्दल नक्की माहीत आहे.

आठवडाभर मी हेरेफर्डमध्ये दातांच्या कवळ्या करते.
लोकांचे जबडे येतात प्लास्टरमधले,
नावाच्या चिठ्ठ्या लावून.
आकारावरून माणूस ओळखता येतो
असं मला वाटायचं.

गॅरेजमध्ये ऐरण म्हणून रुळाचा तुकडा.
ओवेन प्रॉसरने आणला, कुठून ते विचारलं नाही.
दीड मिलिमीटरचा पत्रा
ओंडक्यातल्या खळग्यावर धरून ठोकायचा,
काठाकडून आत, आत येत.
मध्यावर घाई केली की फाटतो.
आधी बद्द बोलतो, मग खणखणीत;
खणखणीत झाला की थांबायचं, तापवायचं, पुन्हा.
सात वाजता मिसेस बेव्हन भिंत वाजवतात.
आमचा तसा तह आहे.

दगडाला आतली बाजू नसते.
पट्टे कुठे बांधले, अस्तर कशाचं, घाम कुठून निघायचा,
पाथरवटाला काय पडलंय.
आतला जाड अंगरखा मी गोधडीसारखा शिवला,
जुन्या सुती चादरींचे अकरा थर, धावदोरा.
दाभण बोटात गेलं तेव्हा
तोंडून जे निघालं ते मराठीत.

आणि मग कोपर.
त्याचं डावं कोपर उजव्याहून मोठं कोरलंय,
पत्रा पंख्यासारखा पुढे आलेला, चांगला चार बोटं.
दोऱ्याला गाठ मारून दोनदा पाहिलं.
म्हटलं, चुकला बिचारा. उधारीचं काम,
अंधार पडत आला असेल,
किंवा छिन्नी शिकाऊ पोराच्या हातात.
मी ती चूक दुरुस्त केली.
दोन्ही कोपरं सारखी. आरशात सुंदर दिसली,
नव्या कवळीसारखी.

ऑगस्ट. नदीकाठचं कुरण, तंबू,
प्लास्टिकच्या संडासांची रांग.
समोर ओवेन, चौसष्ट वर्षांचा, बस डेपोतला मेकॅनिक,
शिरस्त्राणाच्या फटीत त्याचा चष्मा.
आमच्या तलवारींना धार नसते. वजन असतं.
मला माझाच श्वास ऐकू येत होता,
बादलीत तोंड घालून बोलावं तसा.
घाव वरून आला. माझा डावा हात वर गेला,
शिकवलं नव्हतं कुणी,
फळीवरून डबा पडताना जातो तसा गेला,
आणि पातं माझ्या सुबक, सारख्या, छोट्या कोपरावरून घसरून
थेट तिथे, जिथे पत्रा संपतो.

ओवेन तलवार टाकून सॉरी, सॉरी.
हात जांभळा, मग हिरवा,
मग लोणच्याच्या तेलासारखा पिवळा.
त्या आठवड्यात एक कवळी वाकडी गेली,
परत आली.

शनिवारी खाटकाने किल्ली देता देता विचारलं, "पडलीस?"
मी बाही वर केली. त्याने शीळ घातली.
आत गार होतं. दोरा काढलाच नाही मी.
त्याच्या डाव्या कोपरावर माझं ठेवून पाहिलं.
मोठ्या पत्र्याच्या काठाशी एक खोबण आहे,
डोळ्याला दिसत नाही, कातडीला कळते.
आजवर मी तिला झीज समजत होते.
असेलही झीज.

घरी येऊन नवा पत्रा आखला, चार बोटं वाढवून.
सात वाजून गेले.
मिसेस बेव्हन बहुतेक बहिणीकडे गेल्या होत्या.
मी ठोकत राहिले.