काणाडोळा

गोचा शिडी घेऊन आला तेव्हा
तोने भट्टीतून दुसरी खेप निघत होती.
"लमारा मावशी, हे आता भंगार," म्हणाला,
आणि पंधरा वर्षांचे चार कॅमेरे
एकेक करून माझ्या पिठाच्या टेबलावर ठेवले.
एकात गांधीलमाशीचं रिकामं घर निघालं.

विमा कंपनीचं पत्र तिब्लिसीहून आलेलं:
चेहरा ओळखू येत नसेल
तर भरपाई मागू नये.

जुन्या चित्रात कुतैसीची रात्र
भिजलेल्या राखेसारखी दिसायची.
मागच्या दारी फळीवर इस्पितळाचे पाव,
वर फडकं.
पहाटे चारच्या जरा आधी
आठ-दहा करडे चौकोन यायचे,
फडक्याखालून दोन चौकोन उचलायचे
आणि रिओनीच्या बाजूला निघून जायचे.
डावा पाय थोडा मागे राहायचा.

पोलिसाला एकदाच दाखवलं होतं.
"हा माणूस आहे की जिना?" तो म्हणाला.
मीही हसले त्याच्याबरोबर.
आमच्या गल्लीत डावा पाय ओढणारा एकच,
आणि माझ्या मुलाला भूमिती त्यानेच शिकवली.
पण चौकोनांना नाव नसतं.
इस्पितळाला मी दोन पाव जास्तच भाजत होते.

गोचाने फोनवर नवं चित्र उघडलं.
"हे बघा, समोरच्या गाडीचा नंबर. हे बघा,
मांजराच्या मिशा मोजा हव्या तर."
मग मी दिसले:
भुवयांत पीठ, कोपराखाली भाजल्याचा डाग,
उजव्या कानात मोती.
डाव्या कानातला हरवलाय,
तेही स्पष्ट.

त्या रात्री बघायचं नव्हतं मला.
भट्टीशी उभी होते, फोन हातातच होता.

तो आला. कोटाची कॉलर
निळ्या दोऱ्याने शिवलेली, कोट तपकिरी.
दोन पाव काढले. मग फडक्याची चारही टोकं
एकेक करून आत खोचली,
वाफ जाऊ नये म्हणून.
इतकी वर्षं मला वाटायचं, हे काम माकाचं;
पगारही वाढवला होता मी तिचा.

मग त्याने वर पाहिलं.
सरळ माझ्याकडे, म्हणजे त्या काचेकडे.
टोपी काढली.
घाबरलेला माणूस काढतो तशी नाही,
ओळखीचं कुणी भेटल्यावर काढतात तशी.
एक पाव परत ठेवला.

दुसऱ्या रात्री फक्त मांजर. तिसऱ्या रात्रीही.
पाचव्या दिवशी सकाळी सहाला
अन्झोर मास्तर पुढच्या दाराने आले,
काउंटरवर सुटी नाणी मोजून रांगेत लावली.
मी कागदात दोन पाव गुंडाळले.
"एकच," ते म्हणाले,
फळ्यावरची चूक दाखवावी त्या आवाजात.

पुढे आठवडाभर तेही आले नाहीत.

फेब्रुवारीत कोळी आला.
रात्रीच्या न दिसणाऱ्या उजेडाला चिलटं येतात,
चिलटांना कोळी.
चार नंबरच्या काचेवर त्याने जाळं विणलं,
आणि फोनवर मागचं दार
पुन्हा राखेचं झालं,
मधोमध आठ जाडजूड पाय.

गोचाचा फोन आला:
"चार नंबर धूसर दिसतोय. येऊ का पुसायला?
दोन मिनिटांचं काम आहे."
"ईस्टर होऊ दे," मी म्हटलं.
विम्याच्या कागदावर कॅमेरे मोजलेत,
कोळ्यांचा रकाना नाही.

आता पाव झाकताना
फडक्याचं एक टोक मी बाहेर सोडते.
काल सकाळी ते तसंच लोंबत होतं.
आज आत खोचलेलं दिसलं.

वारा असेल.