कोरडं वजन

रैमोच्या दुकानात फळीवर तीन करवती,
माशांसारख्या मांडलेल्या, नाकं एका दिशेला.
बाहेर उणे अकरा. तळं अजून गोठतंय,
मधूनच पोटातल्या पोटात गुरगुरतं.

मी म्हणते, हलकी दाखव.
तो चिठ्ठी वाचतो : दोन किलो सातशे.
रैमो, मी तेहेतीस वर्षं पोस्टात पार्सलं तोललीत.
कागदावरचं वजन रिकाम्या पोटाचं असतं.
पातं चढव, साखळी चढव,
टाकीत पेट्रोल भर, साखळीचं तेल भर,
आणि मग म्हण हलकी.

तो हसत नाही, रैमो कधीच हसत नाही,
पण बटाट्यांचा काटा आणतो.
काटा पावणेचारावर जाऊन थांबतो.
दोघंही काही बोलत नाही.

घरची जुनी साडेसात किलोंची,
जंगल खात्याच्या लिलावातली.
तिनंच कोरलं शाळेपुढचं अस्वल,
आणि धक्क्यावरचा पाणमांजराचा खांब,
आणि एका लग्नासाठी हंसांच्या मानांचा बाक.
(लग्न मोडलं. बाक आहे.)
यंदा उजवा खांदा म्हणाला, पुरे.
डॉक्टरीणबाईंनी स्नायूचं चित्र काढून दाखवलं,
मला ते बर्चच्या सालीसारखं दिसलं,
कडेनं सुटत आलेलं.

माझी परीक्षा सोपी आहे :
करवत बंद, दोन्ही हात लांब,
आणि रस्त्यावरून बर्फ सारणारी गाडी जाते तेव्हा
तिचा पिवळा दिवा खिडकीच्या या टोकापासून त्या टोकाला पोचेपर्यंत
पात्याचं नाक हलता कामा नये.

पहिली पिसासारखी. मूठ वरच्या बाजूला.
“एका हातातही धरता येते,” रैमोची भाची सांगते.
तैमी तिचं नाव, म्हणजे रोपटं. वय एकोणीस.
अगं, एका हातात धरता येते म्हणून ज्यानं धरली
त्याला मी ओळखते.
नाक गाठीला लागलं, करवत उसळली,
आता तो कॉफी डाव्या हातानं ढवळतो.
शिवाय ती थरथरली. दिवा खिडकीच्या मध्यावरही नव्हता.
इतकं कमी वजन की हाताला धरायला काही उरलंच नाही.

दुसरी बॅटरीची. मागच्या अंगणात अॅस्पेनचा ओंडका होता,
मी घुबडाचा डोळा काढायला घेतला.
धूर नाही. गुरगुर नाही.
आणि भुसा पडतानाचा आवाज आला,
ओल्या लाकडाचा वेगळा, कोरड्याचा वेगळा.
इतकी वर्षं मी याच्याशी ओरडूनच बोलत होते की काय?
डोळा गोल झाला. बुबुळ राहिलं होतं,
तेवढ्यात थंडीनं बॅटरीनं मान टाकली.
तैमी म्हणाली, खिशात दुसरी गरम ठेवायची असते.
माझ्या खिशात आधीच चष्मा, रुमाल, गोळ्या.

तिसरी पहिलीपेक्षा चारशे ग्रॅम जास्त.
मूठ मागे, तोल मधोमध,
पात्याचं टोक पाच सेंटच्या नाण्याएवढं,
रानमांजराच्या कानातले केस काढता येतील असं.
बर्फगाडी परत आली, उलट्या बाजूनं.
पिवळा दिवा पडद्यावर, काट्यावर, रैमोच्या टकलावर,
आणि गेला.
नाक जागच्या जागी.

रैमो बिल लिहितो. साखळी वेगळी. तेल वेगळं.
कानाच्या टोप्या तैमी फुकट टाकते,
मामाकडे न बघता.
“आणि त्या घुबडाचा दुसरा डोळा?”
राहू दे. एक उघडा ठेवून दुकान राखेल.

करवत मागच्या सीटवर ठेवते, पट्टा लावते.
तळं पुन्हा गुरगुरतं.
खांदा विचारतो, किती भरली?
मी म्हणते, आधी सांग,
रिकाम्या पोटी की जेवून?