रकाना

ताहाराबादच्या बाजारात
हिलाल आप्पा कांदा तोलतात.
डांगातल्या टेम्पोवाल्याशी गुजराती,
साल्हेरकडून आलेल्या बायांशी कोकणी,
मालेगावच्या अन्वरशेठशी हिंदी,
तलाठ्याशी जपून, इस्त्री केलेली मराठी.
अहिराणी?
ती पायावर वजन पडलं की.

मी शिरगणतीचा मास्तर,
फळी मांडीवर, पेन खिशाला बांधलेलं.
मातृभाषा, आप्पा?
त्यांनी काट्याकडे पाहिलं,
जणू तीही पारड्यात ठेवायची होती.

"कसानी भाषा, भाऊ.
पोरं नाशिकले ग्यात.
फोनवर मी सांगस, गुडघा दुखस.
नातू म्हनस, आजोबा, 'दुखतो' म्हणा."

मग अडकित्ता थांबला.
"मराठी लिखी ल्या."

लिहिलं. अक्षर सुरेख आलं.
माझ्या घरच्या कागदावरही तेच आहे,
त्याच वळणाचं,
शाळेत छडी खाऊन कमावलेलं.

फळी आवरून उठताना
कांद्याच्या गोणीला अडखळलो
आणि तोंडातून निसटलं, माय वं!

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं.
गिऱ्हाईक उभं होतं, त्याला थांबवलं.
"कोन गावना शेस रे तू?"