झडती

हर्षाली म्हणाली, चोळू नका मॅडम,
चोळलं की वास मरतो.
उंटवाडीच्या मॉलमध्ये, मंगळवारी, भर दुपारी
तिच्या काउंटरवर मी एकटीच गिऱ्हाईक,
तेही खरं नव्हे,
बाहेर ऊन होतं म्हणून आत शिरलेलं.

बाटली जाड काचेची, चौकोनी,
आत काकवी पातळ करून ओतल्यासारखा रंग.
नाव फ्रेंच. मी दिसलं तसं वाचलं,
तिनं दुरुस्त केलं.
तिलाही कुणीतरी दुरुस्त केलं असणार.
किंमत सात हजार आठशे.

मी नोटांच्या प्रेसमध्ये आहे, एकवीस वर्षं.
छापलेल्या तावांवर डाग शोधते,
पुसट आकडा, सरकलेली रेघ.
सात हजार आठशेचा माझ्या टेबलावर
एक ताव पुरता होत नाही.
नव्या नोटेचा वास लोक डोळे मिटून घेतात,
आमचं त्यानं डोकं धरतं.

पहिल्यांदा नुसतं स्पिरिट.
सुई टोचण्याआधी कापूस फिरवतात तसं गार.
हे काय, मी म्हटलं.
अर्धा तास थांबा, ते हळूहळू उघडतं.
म्हणजे एवढे पैसे मोजून
वाटही आपणच बघायची.

नाशिकरोडची बस.
त्र्यंबक नाक्याला काही नाही.
द्वारकेला सिग्नल, डिझेल, कांद्याच्या गोण्या
आणि पुढच्या सीटवरच्या माणसाची तंबाखू.
मी घड्याळ बघतेय असं दाखवून
मनगट नाकाशी नेलं.

व्हॅनिला.

पण मला ठाऊक असलेलं नव्हे.
ते इसेन्सच्या इवल्या बाटलीतलं,
चिकट झाकणाचं.
जेल रोडला सुलभामावशी कुकरात वाळू घालून केक करायच्या,
दोनच थेंब गं, म्हणायच्या, तिसरा नको.
त्या आत वळल्या तेव्हा मी बाटली तोंडाला लावली.
कडू जहर!
वासानं मला तेव्हा फसवलं
तसं पुढे कुणाला जमलं नाही.
प्रयत्न झाले.

हे वेगळं होतं.
याच्यात थोडा धूर होता, जुनं लाकूड,
दूध उतू जाण्याआधी साय फुगते ना,
तेवढाच वेळ टिकणारं काहीतरी,
फक्त इथं ते टिकत होतं.
उपनगरला एक बाई चढली, कडेवर पोरगं.
ते माझ्याकडे झुकलं, हात पसरून म्हणालं, बिक्कीट.
नाही रे राजा, माझ्याकडे काही नाही.
त्याचा विश्वास बसला नाही.

घरी दिगंबर टीव्हीसमोर.
खीर केलीस?
आत्ता तर आलेय.
मग केक आणलास?
नाही.
मग काय आहे?
मी आहे, म्हटलं.
त्यानं एकदा वळून बघितलं
आणि आवाज थोडा कमी केला,
टीव्हीचा.

रात्री भांडी एका हातानं घासली.
डावा कोरडा ठेवला.
एक पातेलं निसटलं, पोचा आला. येऊ दे.

सकाळी गेट.
पर्स बाहेर, मोबाईल बाहेर,
स्वतःचे सुटे पैसेसुद्धा बाहेर.
नोटा छापायला आपण रिकाम्या खिशानं जातो,
याचं आता हसूही येत नाही.
गांगुर्डेबाईंचे हात नेहमीसारखे
खांद्यांवरून, काखेतून, कमरेभोवती,
मग दंडावरून खाली येत
डाव्या मनगटाशी थांबले.

काय आहे हे?
काही नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.
रजिस्टरकडे बघितलं, त्यात याला रकाना नव्हता.
माझा हात अजून त्यांच्या हातात होता
आणि त्या किंचित वाकल्या,
बांगडीचा नंबर वाचावा तशा.

मग म्हणाल्या, चला.
मी चालू लागले.
मागे रांगेतल्या पुढच्या बाईला मात्र
त्यांनी हाक मारली नाही
बराच वेळ.